मिनीडीव्ही फितीवरील चित्रणाचे संपीडित फाइलींत रूपांतर

सामाजिक शास्त्रे, भाषाविज्ञान, लोकसाहित्य आणि संज्ञापन या विषयांत क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या अनेक विभागांच्या कपाटांत आज तळहातावर मावतील अशा लहान कॅसेटी पडून आहेत. १९९५ साली बाजारात आलेल्या मिनीडीव्ही पद्धतीच्या या कॅसेटी होत. त्यानंतरची सुमारे पंधरा वर्षे मुलाखती, सभा, मोर्चे, जलसे, कीर्तने आणि वस्त्यांतील दैनंदिन जीवन यांचे चित्रण करण्याचे हे अत्यंत सुलभ साधन होते. मुंबईच्या उपनगरांपुरते बोलावयाचे, तर लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखाने बंद पडणे, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेखाली वस्त्यांचे रूप पालटणे, बोरिवली-मुलुंडपर्यंत नव्या वसाहती उभ्या राहणे ही स्थित्यंतरे याच काळात घडली. त्यांची दृश्य साक्ष बऱ्याच अंशी अशा फितींवरच राहिली आहे.

या फिती वाजविणारी यंत्रे आता नव्याने मिळत नाहीत आणि फितीचे आयुष्यही मर्यादित असते. म्हणून चित्रण संगणकीय फाइलींत आणणे अपरिहार्य झाले आहे. परंतु हे काम म्हणजे केवळ नक्कल करणे होय, ते कोणत्याही दुकानात कोणत्याही रीतीने करून घेतले तरी फलित सारखेच, अशी जी सर्वसाधारण समजूत आढळते ती बरोबर नाही. चित्रण संपीडित करणे, म्हणजे त्याचे आकारमान गणिती रीतीने कमी करणे, ही निवडीची क्रिया आहे. काय ठेवावे आणि काय गाळावे याचा निर्णय तीत प्रत्येक पायरीवर घेतला जातो, आणि एकदा गाळलेला अंश पुढे कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. हा निर्णय अभ्यासकाने जाणीवपूर्वक घेतला नाही, तर तो यंत्राच्या पूर्वनिश्चित मांडणीकडून घेतला जातो. यास्तव फितीवर काय असते, त्यातील कोणता अंश कोणत्या टप्प्यावर गळतो आणि कामाचा क्रम कसा असावा, याचे विवेचन येथे केले आहे.

१. फितीवर काय असते

मिनीडीव्हीची फीत ६.३५ मिलिमीटर रुंद असून ती सेकंदाला सुमारे १८.८ मिलिमीटर या गतीने सरकते. एवढ्या संथ गतीने चित्रासारखी विपुल माहिती नोंदविणे शक्य होते याचे कारण असे की, नोंद करणारी हेड स्थिर नसून मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या दंडगोलावर बसविलेली असतात आणि ती फितीवर तिरप्या रेषा आखीत जातात. प्रत्येक रेषेची रुंदी अवघी १० मायक्रॉन असते. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, आणि प्रत्येक फ्रेमसाठी अशा बारा रेषा वापरल्या जातात. म्हणजेच फितीवर सेकंदाला ३०० रेषा पडतात.

प्रत्येक रेषेत चित्र, ध्वनी आणि उपसंकेत असे स्वतंत्र विभाग असतात. त्यांपैकी उपसंकेताचा विभाग अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा होय. चित्रण फितीच्या आरंभापासून किती तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम इतक्या अंतरावर आहे, ही नोंद म्हणजे टाइमकोड, या विभागात असते. कॅमेऱ्याच्या घड्याळानुसार चित्रणाची तारीख व वेळही चित्राबरोबरच फितीवर नोंदविलेली असते. ही माहिती पडद्यावर दिसत नाही, तथापि प्रत्येक फ्रेमला जोडलेली असते. अर्थात घड्याळ मुळात बरोबर लावले होते की नाही, हे अन्य पुराव्यावरून पडताळावे लागते.

सर्व विभाग मिळून पाल पद्धतीच्या एका फ्रेमला १,४४,००० बाइट लागतात. सेकंदाला ३६ लक्ष बाइट, आणि एका तासाला सुमारे १३ अब्ज बाइट, म्हणजे १३ जीबी, असा हिशेब होतो. हा आकडा पुढील सर्व चर्चेत ध्यानात ठेवावा.

२. पहिले संपीडन : कॅमेऱ्यातच झालेले

फितीवरील चित्रण मूळ आणि अस्पर्श असते असे मानले जाते, परंतु वस्तुतः ते कॅमेऱ्यातच एकदा संपीडित झालेले असते. पाल पद्धतीतील एक फ्रेम ७२० स्तंभ आणि ५७६ ओळी यांत विभागलेली असते. प्रत्येक बिंदूची दीप्ती, म्हणजे तेजाचे मान, पूर्णपणे नोंदविले जाते. रंगाची नोंद मात्र आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी निम्म्या बिंदूंपुरतीच ठेवली जाते, म्हणजे रंगाचे नमुने दीप्तीच्या एक चतुर्थांश असतात. मानवी दृष्टी तेजातील सूक्ष्म भेद जितक्या बारकाईने टिपते तितक्या बारकाईने रंगातील भेद टिपत नाही, या शारीरिक वस्तुस्थितीचा लाभ येथे घेतलेला आहे.

एवढी काटछाट करूनही सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लक्ष बिट उरतात. त्यांचे प्रमाण सुमारे पाचास एक असे घटवून ते २ कोटी ५० लक्षांवर आणण्यासाठी जी गणिती रीत योजली आहे, तिला विविक्त कोसाइन रूपांतर असे म्हणता येईल. तिचे मूळ बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद या अभियंत्याच्या कार्यात आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्या सहकार्याने लिहिलेला त्यांचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. छायाचित्रांची जेपेग पद्धती, चित्रपटांच्या एमपेग पद्धती आणि मिनीडीव्ही या सर्वांचा पाया हीच रीत होय.

तिचे तत्त्व असे. चित्राचे आठ बिंदू लांब व आठ बिंदू रुंद असे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील ६४ तेजोमानांऐवजी ६४ सहगुणक काढतात. पहिला सहगुणक चौकोनाचे सरासरी तेज सांगतो, आणि पुढचे सहगुणक क्रमाने अधिकाधिक बारीक चढउतार दर्शवितात. भिंत, आकाश, कापडाचा एकरंगी पृष्ठभाग अशा ठिकाणी बारीक चढउतार जवळजवळ नसतातच, त्यामुळे शेवटचे बहुतेक सहगुणक शून्याजवळ असतात. येथपर्यंत काहीही गमावलेले नसते, कारण सहगुणकांवरून मूळ मान पुन्हा काढता येतात. हानी होते ती पुढच्या पायरीत. त्या पायरीत सहगुणकांचे स्थूलीकरण करतात, म्हणजे त्यांना ठराविक पायऱ्यांच्या जवळच्या अंकावर आणून ठेवतात. बारीक चढउतारांसाठी पायऱ्या मोठ्या घेतल्याने पुष्कळ सहगुणक शून्य होतात, आणि शून्यांची रांग थोडक्या बिटांत लिहिता येते.

मिनीडीव्हीचे वैशिष्ट्य हे की, या पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे संपीडित होते आणि प्रत्येक फ्रेमला नेमके तितकेच बाइट मिळतात. एका फ्रेमचा अर्थ लावण्यासाठी मागच्या-पुढच्या फ्रेमची गरज लागत नाही. फितीवर एखाद्या ठिकाणी दोष आल्यास त्याचा परिणाम त्या फ्रेमपुरता, बहुधा तिच्यातील काही चौकोनांपुरताच मर्यादित राहतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. २००३ नंतर प्रचारात आलेल्या एचडीव्ही पद्धतीच्या चित्रणासाठीही याच आकाराच्या कॅसेटी वापरल्या जात, परंतु त्या पद्धतीत फ्रेम परस्परावलंबी असतात. त्यामुळे तीत फितीवरील एक लहानसा दोष सुमारे अर्ध्या सेकंदाचे चित्रण निकामी करू शकतो. कॅसेटीच्या बाह्य रूपावरून दोहोंतील भेद कळत नाही. आत काय आहे हे वाजवून पाहिल्याखेरीज निश्चित होत नाही.

३. फितीवरून संगणकात

फितीवरील माहिती मुळातच अंकरूप असल्यामुळे ती संगणकात उतरविताना काहीही गमावण्याचे कारण नाही. फायरवायर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणीने कॅमेरा संगणकास जोडला, तर फितीवरील बिट जसेच्या तसे फाइलीत येतात, आणि त्यांबरोबर टाइमकोड व तारीख यांची नोंदही येते. या जोडणीचे प्रमाणक १९९५ सालचे असून, काही उत्पादकांनी तिला निराळी व्यापारी नावे दिली होती.

याउलट, कॅमेऱ्याच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांतून निघणारा सदृश संकेत पुन्हा अंकरूप करण्याची रीत बाजारात पुष्कळ ठिकाणी योजली जाते. तीत अंकांचे संकेतात आणि संकेताचे पुन्हा अंकांत असे दोनदा रूपांतर होते. चित्रात धूसरता येते आणि फ्रेमला जोडलेली वेळेची नोंद समूळ नाहीशी होते. अनेक कॅमेऱ्यांना असलेले यूएसबीचे द्वार स्थिर छायाचित्रे किंवा कमी प्रतीचे चित्र पाठविण्यासाठी होते, फितीवरील पूर्ण चित्रण उतरविण्यासाठी नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नव्या संगणकांवर फायरवायरचे द्वार आता जवळजवळ आढळत नाही. म्हणून विभागाने एखादा जुना संगणक आणि चालू स्थितीतील एक-दोन कॅमेरे या कामासाठी राखून ठेवणे हितावह ठरते.

फितीवरील धूळ, झीज किंवा बुरशी यांमुळे काही ठिकाणी हेडला माहिती वाचता येत नाही. अशा वेळी यंत्र मागील फ्रेमचे चौकोन तेथे बसवून दोष झाकते, आणि पाहणाऱ्याला तो बहुधा जाणवतही नाही. फाइलीत मात्र अशा झाकलेल्या चौकोनांची खूण राहते. डीव्हीरेस्क्यू नावाच्या मुक्त साधनाने ही खूण वाचता येते. तसेच एकच फीत दोन-तीन वेळा उतरवून प्रत्येक फ्रेमसाठी त्यांतील निर्दोष नोंद निवडता येते. ६० मिनिटांच्या कॅसेटीवर ९० मिनिटांचे चित्रण बसविण्यासाठी जी लाँग प्ले रीत वापरली जाई, तिच्या रेषा अधिक अरुंद असतात. अशी फीत ज्या कॅमेऱ्यावर चित्रित झाली त्याखेरीज अन्य कॅमेऱ्यावर नीट वाचली जाईलच असा भरवसा नसतो.

४. दुसरे संपीडन : पाहण्यासाठी केलेले

तासाला १३ जीबी या आकारमानाची फाइल आंतरजालावर ठेवण्यास किंवा विद्यार्थ्यांना वितरित करण्यास गैरसोयीची असते. म्हणून तिच्यावरून लहान आकाराची प्रत काढावी लागते. या प्रतीसाठी आज सर्वत्र मान्य असलेली पद्धती म्हणजे २००३ साली निश्चित झालेली एच.२६४ होय. तिची उत्तराधिकारी एचईव्हीसी २०१३ साली, आणि स्वामित्वशुल्कापासून मुक्त असावी या हेतूने तयार केलेली एव्ही१ ही पद्धती २०१८ साली पुढे आली.

या पद्धतींचे बळ फ्रेमांमधील साम्य हेरण्यात आहे. अंधेरी स्थानकाच्या फलाटावर तिवईवर कॅमेरा ठेवून केलेले चित्रण उदाहरणादाखल घ्यावे. छप्पर, खांब, पाट्या आणि रूळ हे सर्व एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत बदलत नाही. मिनीडीव्ही पद्धती ते सेकंदाला पंचवीस वेळा नव्याने लिहिते. एच.२६४ ते एकदा लिहून पुढे केवळ 'पूर्ववत' एवढेच सांगते. येणाऱ्या गाडीचे डबेही ती नव्याने रेखाटीत नाही. मागील फ्रेममधील हा चौकोन इतके बिंदू डावीकडे सरकला, अशी विस्थापनाची नोंद करते, आणि भाकित व वास्तव यांतील जो फरक उरतो तेवढ्याचेच कोसाइन रूपांतराशी सदृश असे रूपांतर करून स्थूलीकरण करते. अशा रीतीने काही फ्रेम स्वयंपूर्ण राहतात, काही मागील फ्रेमवर आणि काही मागील व पुढील अशा दोहोंवर अवलंबून असतात. सेकंदाला २० ते ४० लक्ष बिट एवढ्यातही मिनीडीव्हीचे चित्रण समाधानकारक दिसू शकते, आणि एका तासाची प्रत एक ते दोन जीबीत बसते.

तथापि या काटकसरीचे ओझे सर्व दृश्यांवर सारखे पडत नाही. जुलैतील मुसळधार पाऊस, पाण्यावरील लाटा, गुलाल उधळणारी मिरवणूक, दाटीतून फिरणारा हातातील कॅमेरा, अशा दृश्यांत पुढील फ्रेमचे भाकित करणे कठीण असते. अंधुक प्रकाशात कॅमेऱ्याने स्वतः निर्माण केलेले कणदार चांचल्यही कोणत्याच नियमात बसत नाही. बिटांची संख्या आधीच ठरवून दिली असेल, तर अशा ठिकाणी यंत्र स्थूलीकरण वाढविते, आणि गर्दीतील दूरचे चेहरे व पाट्यांवरील अक्षरे चौकोनी डागांत विरघळतात. म्हणून बिटांचा दर ठरवून देण्यापेक्षा गुणवत्तेची पातळी ठरवून देणे आणि लागतील तितके बिट वापरू देणे ही रीत अधिक श्रेयस्कर होय. एफएफएमपेग या साधनसंचात, ज्याचा आरंभ २००० साली फाब्रिस बेलार यांनी केला, ही सोय आहे. तिचे सीआरएफ हे मान १८ ते २० ठेवल्यास मिनीडीव्हीच्या चित्रणातील डोळ्यास जाणवणारी हानी अल्प राहते.

दुसऱ्या संपीडनाचा आणखी एक धर्म सांगितला पाहिजे. संपीडित प्रतीवरून पुन्हा संपीडित प्रत काढली, की आधीच्या हानीत नवी हानी मिसळते. आधीच्या पद्धतीने निर्माण केलेल्या चौकोनांच्या कडा नव्या पद्धतीला चित्रातील खरा तपशील वाटतात, आणि त्या जपण्यात ती बिट खर्च करते. २००० नंतरच्या काही वर्षांत उपनगरांतील चित्रण-व्यवसायात व्हिडिओ सीडी देण्याचा प्रघात होता. त्या तबकडीवरील चित्र ३५२ स्तंभ व २८८ ओळींचे, म्हणजे बिंदूंच्या संख्येने मूळच्या एक चतुर्थांशाहून किंचित कमी असे. मूळ फीत पुसून पुन्हा वापरली गेली असेल, तर ही तबकडी हीच आता मूळ नोंद होय. तिच्यावरून आजच्या पद्धतीने केलेली मोठ्या आकाराची प्रत केवळ मोठी असते, अधिक माहितीपूर्ण नसते.

५. फील्ड आणि बिंदूचा आकार

दोन बाबी अशा आहेत की त्यांकडे दुर्लक्ष झाल्याने सर्वाधिक प्रती बिघडलेल्या दिसतात. पहिली बाब फील्डांची. मिनीडीव्हीची एक फ्रेम एका क्षणाचे चित्र नसते. सम क्रमांकाच्या ओळी एका क्षणी आणि विषम क्रमांकाच्या ओळी त्यानंतर एक पन्नासांश सेकंदाने टिपलेल्या असतात. ओळींच्या अशा प्रत्येक संचाला फील्ड म्हणतात. म्हणजे सेकंदाला फ्रेम पंचवीस असल्या, तरी काळाचे नमुने पन्नास असतात. काचनळीच्या दूरचित्रवाणी संचावर हे फील्ड क्रमाने दिसत. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही एकाच वेळी दिसतात, आणि हालणाऱ्या वस्तूंच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या भासतात. दोन सेकंदांत चित्राची पूर्ण रुंदी ओलांडणारी गाडी एका पन्नासांश सेकंदात सुमारे सात बिंदू सरकते, तेव्हा तिच्या कडेला सात बिंदू लांबीचे दाते पडतात.

हे दाते घालविण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत. एक फील्ड टाकून द्यावे, म्हणजे काळाचे निम्मे नमुने आणि उभा तपशील दोन्ही गमावले जातात. दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळावीत, म्हणजे प्रत्येक हालचालीस पुसट छाया जडते. किंवा प्रत्येक फील्डवरून गणिताने एक पूर्ण फ्रेम रचून सेकंदाला ५० फ्रेमची प्रत करावी. तिसऱ्या मार्गाने फाइल काहीशी मोठी होते, परंतु हालचालीचा एकही क्षण सुटत नाही. अभ्यासासाठी हाच मार्ग स्वीकारावा. मात्र त्यासाठी कोणते फील्ड आधीचे हे यंत्राला योग्य प्रकारे सांगितले पाहिजे. मिनीडीव्हीत खालचे फील्ड आधी येते. क्रम उलटा दिल्यास गती मागेपुढे झटके खात असल्यासारखी दिसते.

दुसरी बाब बिंदूच्या आकाराची. ७२० आणि ५७६ यांचे गुणोत्तर पाचास चार होते, तर चित्र दाखवावयाचे असते चारास तीन किंवा सोळास नऊ या प्रमाणात. म्हणजे मिनीडीव्हीचे बिंदू चौरस नसतात. प्रतीत ते चौरस मानले गेले, तर माणसे उंच व किरकोळ दिसू लागतात, आणि सोळास नऊ या प्रमाणातील चित्रणात ही विकृती फार मोठी असते. चौरस बिंदूंची प्रत करावयाची असल्यास रुंदी पहिल्या प्रकारात ७६८ आणि दुसऱ्या प्रकारात १,०२४ बिंदू धरावी.

६. हानीचा अर्थ : घाटकोपरचे उदाहरण

वरील विवेचन केवळ यंत्रविद्येचे वाटण्याचा संभव आहे. त्याचा संशोधनाशी संबंध स्पष्ट व्हावा यासाठी उपनगरांच्याच अलीकडील इतिहासातील एक प्रसंग विचारात घेता येईल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपर येथील माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी उघडकीस आले. त्यानंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. महामार्गावरील गॅसच्या टँकरना आग लावली जाण्याचा धोका होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन पोलिसांकडून करण्यात आले. रहिवाशांनी आणि मानवी हक्क संघटनांनी ते नाकारले. चौकशीसाठी न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग नेमला गेला. या घटनेनंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. १९८५ च्या 'हमारा शहर' या आपल्या चित्रपटात ज्यांनी घोगरे यांचे गायन चित्रित केले होते, त्या आनंद पटवर्धन यांनी तेथून पुढे चौदा वर्षे चित्रण करून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' हा सुमारे तीन तासांचा माहितीपट पूर्ण केला. ही चौदा वर्षे आणि फितीवरील अंकीय कॅमेऱ्यांचा काळ जवळजवळ एकच आहे.

अशा प्रसंगी वाद कोणत्या प्रश्नांवर होतो, हे पाहण्यासारखे आहे. वाहने कोठे उभी होती? जमाव त्यांपासून किती अंतरावर होता? कोणती घटना आधी घडली आणि कोणती नंतर? दूर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय होते? अंतराचा प्रश्न चित्राच्या भूमितीशी निगडित आहे, आणि बिंदूचा आकार चुकला की भूमिती चुकते. क्रमाचा प्रश्न टाइमकोड आणि फील्ड यांच्याशी निगडित आहे. सदृश तारांतून प्रत काढली की टाइमकोड जातो, आणि एक फील्ड टाकले की निम्मे क्षण जातात. हातातील वस्तूचा प्रश्न बारीक तपशिलाशी निगडित आहे, आणि स्थूलीकरण प्रथम बारीक तपशिलावरच घाला घालते. तात्पर्य, निष्काळजी रूपांतरात जे गळते ते दृश्याचे सौंदर्य नव्हे, तर साक्षीचे बळ होय. चित्रपट म्हणून पाहताना न जाणवणारी हानी पुरावा म्हणून पाहताना निर्णायक ठरू शकते.

कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलीतील सर्व बिटांवरून ठराविक गणिताने काढलेली ओळखसंख्या. एक बिट बदलला तरी ती पूर्णतः बदलते. यावरून फाइल नंतर बदललेली नाही एवढे सिद्ध होते. फितीवरून ती योग्य रीतीने उतरविली होती हे सिद्ध होत नाही. त्यासाठी रूपांतराची लेखी नोंद ठेवणे हाच उपाय आहे.

पूर्ण झालेल्या चित्रपटापेक्षा त्यात न वापरलेल्या चित्रणाचे महत्त्व मोठे असू शकते, ही जाणीव मुंबईच्या उपनगरांतच एका उल्लेखनीय उपक्रमाच्या रूपाने प्रकट झाली. खारच्या चुईम गावातील कॅम्प हा कलावंतांचा गट, मुंबईतील मजलिस व पॉइंट ऑफ व्ह्यू, बंगळुरूचा अल्टरनेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनचा एक गट यांनी मिळून २००८ साली 'पॅड.मा' हा आंतरजालीय संग्रह सुरू केला. त्यात चित्रपटांपेक्षा कच्चे चित्रण प्राधान्याने ठेवले जाते, आणि टाइमकोडच्या आधारे प्रत्येक तुकड्यास लिखित भाष्य, अनुवाद व स्थळकाळाचे निर्देश जोडले जातात. संशोधकाला विशिष्ट शब्दाच्या शोधावरून थेट त्या क्षणाच्या चित्रापाशी जाता येते. संपीडित प्रत ही मूळ नोंदीची जागा घेणारी वस्तू नसून तिच्यापर्यंत नेणारी सूची आहे, असा या उपक्रमातून निघणारा बोध विद्यापीठीय विभागांनाही उपयुक्त ठरेल.

७. कामाचा क्रम

या सर्व विवेचनावरून रूपांतराचा क्रम पुढीलप्रमाणे ठरतो. प्रथम कॅसेटीवरील पुसण्याला प्रतिबंध करणारी कळ सरकवावी, आणि तिच्यावरील व डबीवरील सर्व लेखन उतरवून घ्यावे. फितीवर बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालू नये, कारण एक दूषित फीत हेड खराब करते आणि त्यानंतरच्या फितींनाही उपद्रव देते. अशी फीत जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. मग फायरवायरने फीत आरंभापासून अखेरपर्यंत उतरवावी, आणि मिळालेली मूळ फाइल कोणताही बदल न करता ठेवावी. एफएफव्ही१ सारखी हानिरहित पद्धती व्हीएचएससारख्या सदृश फितींसाठी योग्य आहे. मिनीडीव्हीच्या बाबतीत तिने फाइलीचा आकार वाढतो आणि लाभ काही होत नाही, कारण मूळचे बिट आधीच हाती असतात. फाइलीचे हॅश मूल्य, वापरलेला कॅमेरा, दिनांक, आढळलेले दोष यांची नोंद करावी. फाइलीच्या किमान तीन प्रती करून त्यांपैकी एक निराळ्या इमारतीत ठेवावी. पाहण्याची संपीडित प्रत यानंतर, आणि नेहमी मूळ फाइलीवरूनच, काढावी.

आकारमानाची अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. मिनीडीव्हीच्या आरंभीच्या वर्षांत घरगुती संगणकाच्या तबकडीवर एक कॅसेटही मावणे कठीण असे, आणि ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मूळ चित्रणाची बावीस मिनिटेही बसत नसत. त्या परिस्थितीत मूळ सोडून संपीडित प्रत ठेवणे क्षम्य होते. आज शंभर कॅसेटींचे संपूर्ण चित्रण सुमारे १,३०० जीबीत, म्हणजे दोन टेराबाइटच्या एका तबकडीवर, सहज सामावते. काटकसरीचे ते जुने कारण उरले नसताना जुनी सवय चालू ठेवणे समर्थनीय नाही.

दुसऱ्या बाजूने वेळ मात्र कमी होत आहे. मुंबईच्या पावसाळ्यातील दमट हवा बुरशीला पोषक असते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुर्ला-कलिना परिसरात तळमजले पाण्याखाली गेले. त्या एका दिवसाने तळमजल्यावरील कपाटांत ठेवलेल्या कागदपत्रांचे व फितींचे भवितव्य किती अनिश्चित असते याची कल्पना यावी. शिवाय फीत टिकली तरी ती वाचणारा कॅमेरा टिकेल असे नाही, आणि दोन्ही टिकले तरी कॅसेटीवर नाव न लिहिलेली व्यक्ती कोण हे सांगणारा माणूस टिकेल असे नाही. म्हणून प्रत्येक विभागाने आपल्या संग्रहाची यादी या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी करावी, ज्यांच्या अन्यत्र प्रती नाहीत अशा फिती प्रथम उतरवाव्या, आणि ज्यांनी चित्रण केले त्यांच्या स्मरणातील तपशील त्याच वेळी लिहून घ्यावा. संपीडनाचे गणित उद्या अधिक सुधारेल, आणि पाहण्याची प्रत केव्हाही पुन्हा करता येईल. मूळ फाइल मात्र फीत वाचता येते तोवरच करता येते.